लिमिट वाढलीय, मॅडम!

शिक्षकांच्या पतसंस्थेची, म्हणजे आम्ही जिला सोसायटी म्हणतो तिची, वार्षिक सर्वसाधारण सभा कधी पाहिली नसेल तर एकदा पाहाच. वर्षभर पोरांना 'हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही' म्हणून दटावणारी माणसं तिथे एकमेकांच्या हातातला माइक हिसकावून घेतात. कुणीतरी अहवालातला चहापानाचा खर्च मोठ्याने वाचून दाखवतो, मागून हुर्यो होते, व्यासपीठावरून "बसून घ्या, बसून घ्या" चाललेलं असतं. या गदारोळात एक विषय मात्र दरवेळी टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर होतो. दीर्घ मुदत कर्जाची मर्यादा वाढवणे. सत्ताधारी पॅनेल आणि विरोधी पॅनेल यांचं या एका विषयावर कधी वाजलेलं मी पाहिलं नाही. मी नोकरीत कायम झाले तेव्हा ही मर्यादा सात लाख होती. आज पंचवीस आहे आणि पुढच्या सभेत तीसचा ठराव येणार अशी कुजबुज आहे.

सभा झाली की थोड्याच दिवसांत फोन येतो. "मॅडम, तुमची लिमिट वाढलीय. रिन्यूअल करून घ्या, दिवाळीच्या आत पैसे खात्यात टाकतो." रिन्यूअल म्हणजे नवं, मोठं कर्ज काढायचं, त्यातून जुन्याची बाकी मिटवायची आणि वरचे पैसे हातात घ्यायचे.

कर्ज फेडायला लागून मला आता साडेचार वर्षं होत आली. अजून फिटलेलं नाही. पण एवढ्या काळात एक गोष्ट नीट कळली आहे, की हप्ते भरण्याने माणूस कर्जातून बाहेर येत नाही. हप्ते आम्ही सगळेच भरतो, पगारातून परस्पर कापले जातात, न भरून सांगणार कुणाला? तरीही आमच्यातली कितीतरी माणसं निवृत्तीच्या दिवशी ग्रॅच्युइटीतून सोसायटीची बाकी चुकती करतात. ही बाकी हप्ते चुकल्यामुळे राहिलेली नसते, त्या फोनला प्रत्येक वेळी "हो" म्हटल्यामुळे राहिलेली असते.

माझं थोडक्यात सांगते. पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे, तिथे मी आणि आमचे मोठे गुरुजी. राहायला कराडला. मिस्टर खाजगी कंपनीत. सासूबाई आमच्याजवळ असतात, एक मुलगा आहे. २०२१ च्या जूनमध्ये शाळा उघडल्या, पण मुलांविना. मिस्टरांना कंपनी अर्धा पगार देत होती. त्या दिवसांत जुन्या हजेरीपत्रकाची कोरी राहिलेली पानं मी घरी आणली आणि आमच्या घरावर कुणाकुणाचं किती आहे ते सगळं एका जागी लिहून काढलं. तोवर ते सुट्टं सुट्टं होतं. थोडं माझ्या डोक्यात, थोडं मिस्टरांच्या मोबाइलमध्ये, थोडं कपाटातल्या पावत्यांत.

पटावर सहा नावं आली. सोसायटीचं दीर्घ मुदत कर्ज ९,४०,००० बाकी, साडेदहा टक्के, बहात्तर हप्ते शिल्लक. बँकेचं गृहकर्ज १४,८०,०००. पाटल्या आणि गंठण ठेवून घेतलेलं सोनेतारण १,२०,०००. क्रेडिट कार्ड ८६,०००. फ्रिज आणि वॉशिंग मशीनचे राहिलेले हप्ते १८,०००. आणि मोठ्या मामांचे हातउसने ६०,०००. बेरीज २७ लाख ४ हजार. मिस्टरांनी बेरीज पुन्हा केली, तेवढीच आली.

कशाचं कर्ज, हे लोक फार चवीने विचारतात. सासऱ्यांची बायपास, नणंदेचं लग्न, मग घर. यातला एकही खर्च आजही मला टाळता येण्यासारखा वाटत नाही, त्यामुळे त्यावर मी पश्चात्तापाचा परिच्छेद लिहिणार नाही.

त्या महिन्याचं माझं पगारपत्रक असं होतं: ढोबळ वेतन पंचेचाळीस हजारांच्या वर. त्यातून एनपीएस म्हणजे नव्या पेन्शन योजनेची कपात, व्यवसाय कर, सोसायटीची वर्गणी, सोसायटीचा १७,६५० चा हप्ता. खात्यात पडायचे बावीस-तेवीस हजार. त्यातले बारा हजार गृहकर्जाला गेले की दहा हजार उरायचे. गावात "बाईंना काय, सरकारी पगार" म्हणतात तो पगार हा.

असं कुणाला सांगितलं की काटकसरीचे सल्ले सुरू होतात. बाहेरचा चहा बंद करा, भाजी मंडईतून संध्याकाळी उतरत्या भावात आणा. आमच्या घरात काटण्यासारखं काही शिल्लक असतं तर सासूबाईंनी ते आधीच काटलं असतं. त्या बाईंनी दोन खोल्यांत चार मुलं वाढवली आहेत. चहा आम्ही पितो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर स्टँडसमोर वडापावही खातो. असल्या किरकोळीवर नऊ लाख फिटत नाहीत.

तर त्याच पावसाळ्यात फोन आला. मर्यादा पंधरा लाख झाली होती. संस्थेतले ते सर माझ्या ओळखीचे, मनाने चांगले, मदत करण्याच्या भावनेनेच बोलत होते. "मॅडम, नऊ-चाळीस बाकी आहे तुमची. पंधराचं रिन्यूअल केलं तर साडेपाच लाख हातात येतात. कार्डबिर्ड सगळं एका झटक्यात भरून टाका. हप्ता फक्त अडीच हजाराने वाढतो."

खरं होतं ते. हप्ता १७,६५० चा २०,२४० झाला असता. अडीच हजारांत साडेपाच लाख! मिस्टर म्हणाले, "अगं, मग विचार कसला करतेस?" आणि खरंच, त्या घडीला विचार करण्यासारखं वरवर काही दिसत नव्हतं. कार्ड सुटलं असतं, सोनं सुटलं असतं, मामांचे पैसे गेले असते, वर दोन-अडीच लाख उरले असते.

मी पाचवीच्या मुलांना शाब्दिक उदाहरणं शिकवते. दिलेली माहिती, विचारलेलं काय, मग रीत. त्याच पद्धतीने पानावर मांडलं. आहे तेच कर्ज चालू ठेवलं तर १७,६५० गुणिले ७२, म्हणजे १२ लाख ७१ हजार भरायचे. रिन्यूअल केलं तर मुदत पुन्हा दहा वर्षांची होते. २०,२४० गुणिले १२०, म्हणजे २४ लाख २९ हजार. वजाबाकी केली. ११ लाख ५८ हजार. हातात येणार होते ५ लाख ६० हजार, त्यातूनही शेअर्स आणि विम्याची कपात आधी होणार.

फोनवर हप्ता सांगतात, मुदत सांगत नाहीत. लपवतात असं मी म्हणणार नाही, विचारलं तर लगेच सांगतात. पण विचारतं कोण? आमच्यात "हप्ता किती बसतो?" एवढाच प्रश्न विचारायची रीत आहे. गाडी, प्लॉट, मुलाचं ॲडमिशन, सगळ्याचा भाव आम्ही हप्त्यात बोलतो.

मी रिन्यूअलला नकार दिला. संस्थेतल्या त्या सरांना वाटलं कुणीतरी माझे कान भरलेत, विरोधी पॅनेलच्या कुणीतरी.

मग सुरू झालं ते कंटाळवाणं काम. त्यात सांगण्यासारखं नाट्य काही नाही, तरी कार्डाचं सांगते, कारण ते कितीतरी जणांकडे असतं आणि त्याचा हिशेब कुणी उलगडून पाहत नाही. माझ्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज होतं. ८६,००० वर ३,०१०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५४२. बिलावर 'किमान देय रक्कम' पाच टक्के, ४,३००. मी दर महिन्याला ४,३०० इमानदारीत भरत होते आणि त्यातले ३,५५२ व्याज आणि कर खाऊन टाकत होते. मुद्दलात जात होते ७४८ रुपये. शिवाय बाकी पुढे ओढत नेली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज पहिल्या दिवसापासून. किराण्याचं बिल कार्डावर मारायचं तर तेल-साखरही बेचाळीस टक्क्यांनी उचलल्यासारखं झालं.

कार्ड कपाटात टाकलं, तोडलं बिडलं नाही. दिवाळीला सण अग्रिम मिळतं, १२,५००, बिनव्याजी, दहा हप्त्यांत पगारातून कापून घेतात. दरवर्षी त्याचे कपडे यायचे, त्या वर्षी ते आख्खं कार्डात गेलं. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता आला. आमची नेमणूक २००५ नंतरची, पेन्शनच्या नावाने बोंब, पण त्यामुळे फरक तरी रोखीत मिळतो. जुन्यांचा जीपीएफला, म्हणजे भविष्य निर्वाह निधीत जातो. माझा फरकही कार्डात गेला. पुढच्या वर्षी शाळा सुरू होता होता कार्ड शून्यावर आलं. मी ते बंद करायचा अर्ज दिला तर ग्राहक सेवेची मुलगी म्हणाली, "मॅम, तुमची लिमिट वाढवून देऊ का?" सगळीकडे तेच एक वाक्य.

कार्डाचं व्याज सगळ्यांत जास्त, म्हणून आधी कार्ड, हे गणित बरोबर होतं. तरी मधे एकदा मी ते मोडलं. मोठ्या मामांच्या मुलीचं लग्न ठरलं. मामांनी पैशाचं नावही काढलं नाही. मामी सुपारीचं आमंत्रण द्यायला आल्या तेव्हा स्वयंपाकघरात सासूबाईंना म्हणाल्या, "हॉल जरा लहानच घेतलाय." एवढंच. त्यांच्या मनात काही नसेलही. पण मी त्या महिन्यात कार्डाला फक्त किमान रक्कम भरली आणि फ्रिजच्या हप्त्यांतून सुटलेले, मिस्टरांच्या बोनसचे, माझ्या खात्यात तळाला असलेले, सगळे गोळा करून मामांना साठ हजार पोचते केले. कार्डाला त्यामुळे दोन-तीन हजार जास्त व्याज पडलं असेल. पडू दे. बिनव्याजी कर्जाचं व्याज वेगळ्या जागी लागत असतं, ते माझ्या कोष्टकात बसत नाही.

फ्रिजवरून आठवलं. हप्ते संपले की विषय संपला असं समजू नका. पुढे कधीतरी मी माझा सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद, काढला, वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात ते फ्रिजचं कर्ज चालू दाखवत होतं. फायनान्स कंपनीला मेल केले, नाहरकत दाखला मागून घेतला, मग कुठे ते 'बंद' झालं. आमच्याकडे मूल दुसऱ्या शाळेत गेलं तरी दाखला दिल्याशिवाय पटावरून नाव कमी होत नाही. कर्जाचंही तसंच, दाखला हातात पडेपर्यंत ते पटावर असतं. आता प्रत्येक कर्ज संपलं की मी त्याचा 'शाळा सोडल्याचा दाखला' फाइलला लावते.

सोन्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

सोनेतारणाची गंमत अशी की त्याचा महिन्याचा हप्ता नसतो, म्हणून ते टोचत नाही. वर्ष भरलं की व्याज भरायचं, कागद नवा करायचा, झालं. आमच्याकडे शेतकरी सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर नवं-जुनं करतात, तसंच. मी दोन वर्षं तसंच केलं. तिसऱ्या वर्षी व्याज भरायला गेले तर काउंटरवरचा मुलगा कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवून म्हणाला, "मॅडम, भाव केवढा वाढलाय बघा. तेवढ्याच दागिन्यांवर आणखी सत्तर-ऐंशी हजार सहज मिळतील." सोन्याचा भाव वाढला म्हणून माझं कर्ज वाढवायचं! दागिना माझा, भाववाढ माझी, आणि तिचा आनंद मी आणखी व्याज भरून साजरा करायचा.

आमच्या गल्लीत बायकांची भिशी आहे, बारा जणींची, महिना दोन हजार. चिठ्ठीची आहे, लिलावाची नाही. सगळ्यांना पहिल्या-दुसऱ्या महिन्यात नंबर लागावा असं वाटतं. मी त्या वर्षी शेवटचा नंबर मागून घेतला. सगळ्या हसल्या, "बाई, तुम्हाला पैशाची गरज दिसत नाही." गरज होती म्हणूनच मागितला. आधी उचलले असते तर कुठे गेले कळले नसते. शेवटी एकरकमी चोवीस हजार आले. ते, मधल्या काळात थोडे थोडे मुद्दलात भरलेले, आणि महागाई भत्त्याचा थकीत फरक असं करत २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पाटल्या-गंठण सोडवायला गेले.

सीलबंद पाकीट आतून आणतात. त्यावर माझ्या सहीची चिठ्ठी, सही जरा फिकट झालेली. मूल्यांकन करणाऱ्या सराफांनी माझ्यादेखत सील दाखवलं, कात्रीने पाकीट कापलं, दागिने एकेक करून काट्यावर ठेवले. ठेवतानाची पावती त्यांनी समोर धरली आणि मला वजन वाचायला लावलं. पाटल्यांच्या आतल्या बाजूला अजून माझ्या हातचा साबणाचा पांढरा कण अडकलेला होता, खाचेत. गंठणाच्या फासात लाल दोरा होता, तो मी बांधला नव्हता. ओळखीसाठी त्यांनीच बांधलेला. सराफ म्हणाले, "दोरा काढून वजन करायचं का?" मी म्हटलं, करा. दोरा काढला, आकडा पावतीशी जुळला, मी सही केली. घरी आल्यावर सासूबाईंनी पाटल्या घासून घातल्या आणि संध्याकाळी काढून कपाटात ठेवल्या. त्यांना त्या आता सैल होतात.

गृहकर्जाने मात्र मला फसवलं असतं. रक्कम मोठी, म्हणून मी त्याच्याकडे बघतच नव्हते. हप्ता जातोय ना, जाऊ दे. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, वाढवायला सुरुवात केली. चार टक्क्यांवर होता तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. बातम्यांत रोज 'हप्ते वाढणार' म्हणून सांगत होते आणि माझा हप्ता मात्र जागचा हलला नव्हता, १२,१७५. मला वाटलं आपली बँक चांगली. मार्चअखेरीला आयकरासाठी व्याजाचा दाखला काढला, त्यासोबत शिल्लक हप्त्यांचा तक्ता आला. शेवटच्या हप्त्याची तारीख बघितली. व्याजदर सातचा साडेनऊ झाला होता आणि राहिलेली साधारण सतरा वर्षं वाढून तीसच्या घरात गेली होती. शेवटचा हप्ता भरायला मला सहासष्टावं लागलं असतं. मी निवृत्त होणार अठ्ठावन्नाव्या वर्षी.

महिन्याच्या बारा हजारांतले अकरा हजारांवर नुसतं व्याज जात होतं. हप्ता तोच ठेवायचा आणि मुदत ताणायची, हेही रिन्यूअलच, फक्त फोन न करता केलेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं, की दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. मी त्याच्या आधीच शाखेत जाऊन बसले होते. तिथल्या साहेबांना हप्ता 'वाढवून द्या' म्हणणारी बाई नवीन होती. "वाढवून? कमी करून नको?" असं त्यांनी दोनदा विचारलं. हप्ता १४,४०० केला. हे वरचे सव्वादोन हजार आणायचे कुठून, तर महागाई भत्ता त्या जानेवारीपासून ३८ चा ४२ टक्के होणार होता, आणि जुलैची वार्षिक वेतनवाढ. माझं मूळ वेतन अडतीस हजारांच्या आसपास. चार टक्के म्हणजे दीड हजार, वेतनवाढीचे अकराशे-बाराशे. आदेश निघायला उशीर होतो, तोवर ओढाताण झाली. पण तेव्हापासून आमच्या घरात भत्ता वाढला की तो घरात येतच नाही, कर्जाकडेच जातो. मिस्टरांना कितीतरी वेळा पेपरातूनच कळलं की माझा भत्ता वाढलाय.

एक व्यवहाराची गोष्ट, कुणाला उपयोगी पडली तर. गृहकर्ज बदलत्या दराचं असेल आणि वैयक्तिक असेल तर मुदतीआधी भरायला दंड नाही. पण जादा पैसे नुसते खात्यात टाकू नका. मी एकदा वीस हजार टाकले तर ते आगाऊ हप्ते म्हणून बाजूला ठेवले होते, मुद्दल जैसे थे. अर्ज लिहून 'सदर रक्कम मुद्दलात जमा करून मुदत कमी करावी' असं म्हणावं लागतं. मग पुढच्या महिन्याचा तक्ता मागून घ्यायचा. सोसायटीतही पावतीवर 'मुद्दल' हा शब्द लिहूनच घेते. तिथला क्लार्क पहिल्या वेळी म्हणाला होता, "इथं लोक मागायला येतात, तुम्ही भरायला आलात?"

आता जामीन. यावर बोलायला आमच्यात कुणी तयार नसतं. आमच्या सोसायटीत मोठ्या कर्जाला दोन जामीनदार लागतात, दोघेही सभासद. म्हणजे केंद्रातल्या, आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळा एकमेकींना जामीन. मी तुला, तू मला. मी नवं कर्ज घेत नाही म्हटल्यावर मला कुणाच्या सहीची गरज उरली नाही, पण माझी सही सगळ्यांना हवीच. आमच्या केंद्रातले एक सर न सांगता गैरहजर राहू लागले, पगार थांबला, आणि त्यांच्या जामीनदार बाईंच्या पगारातून कपात सुरू झाली. हे सगळ्यांनी पाहिलं. तरी महिन्याभरात शिक्षण परिषदेच्या मधल्या सुट्टीत एक मॅडम फॉर्म घेऊन आल्या, "फक्त सही." मी नाही म्हटलं. त्या माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. हळदीकुंकवाला येतात, वाण घेतात, जातात. कर्जमुक्तीचा खर्च लिहायचा झाला तर हाही लिहायला हवा. रुपयांत दाखवता येत नाही म्हणून गाळता येत नाही.

आणि एक प्रामाणिकपणे सांगते. आमचे मोठे गुरुजी दर वेळी रिन्यूअल करतात. "कर्ज काढल्याशिवाय प्रॉपर्टी होत नाही, बाई," हे त्यांचं ठरलेलं. त्यांनी मागच्या वेळच्या पैशातून मलकापूरच्या बाजूला प्लॉट घेतला, आज त्याला दुपटीहून जास्त भाव आहे. हिशेबाने ते माझ्या पुढे आहेत. मी त्यांना चूक ठरवत नाही. त्यांना रात्री झोप लागते. मला सत्तावीस लाखांच्या पानासमोर लागत नव्हती, आणि मी तो प्लॉट घेतला असता तर रोज भाव विचारत बसले असते. शिवाय त्यांच्याबरोबर रिन्यूअल केलेल्या बाकीच्यांनी काय काय घेतलं, तेही मी पाहिलंय. बहुतेकांचं कार्यक्रमात आणि गाडीत गेलं. प्लॉटवाल्याची गोष्ट स्टाफरूममध्ये सांगितली जाते, बाकीच्यांची नाही.

मधे मुलाला डेंग्यू झाला, चार दिवस ॲडमिट. तेव्हा बँकेत वेगळ्या खात्यात तीस-पस्तीस हजार होते. कर्ज डोक्यावर असताना पैसे बाजूला ठेवणं मला सुरुवातीला मूर्खपणा वाटायचा. साडेतीन टक्क्यांच्या बचत खात्यात कशाला ठेवायचे, साडेदहाच्या कर्जात भरावेत. पण ते पैसे नसते तर मी त्या रात्री सोसायटीच्या आकस्मिक कर्जाचा फॉर्म भरला असता, आणि फॉर्म समोर आला की त्यासोबत रिन्यूअलचाही येतो. आता त्या खात्याला आम्ही हात लावत नाही, लावला तर आधी ते भरून काढतो.

आज पटावर दोनच नावं आहेत. सोसायटीचे १,८०,००० राहिलेत, यंदाच्या दिवाळीच्या सुमाराला संपतील. गृहकर्ज अजून पावणेतेरा लाखांच्या आसपास आहे. २०२५ मध्ये रेपो दर खाली आला, डिसेंबरात सव्वापाच झाला. बँकेने विचारलं, हप्ता कमी करायचा का? मी आहे तोच ठेवला, मुदत आपोआप घटते. सोसायटीचा हप्ता सुटला की ते १७,६५० गृहकर्जात वळवायचे, असं माझं ठरलंय. तसं झालं तर महिन्याला बत्तीस हजार जातील आणि चारेक वर्षांत घर मोकळं होईल. कर्ज फिटल्यावर बँकेने घराची कागदपत्रं तीस दिवसांत परत द्यायची, स्वतःच्या चुकीने उशीर केला तर दिवसाला ५,००० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मी आत्ताच हजेरीच्या पानावर लिहून ठेवलाय.

मिस्टरांचं मत वेगळं आहे. त्यांचं म्हणणं, साडेचार वर्षं पावसात टू-व्हीलरवर काढली, आता तो हप्ता सुटतोच आहे तर तेवढ्यातच गाडी बसते. पाटणच्या पावसात मला वाडीवर सोडायला येणारे तेच, त्यामुळे त्यांचा मुद्दा अगदीच उडवून लावता येत नाही. मी म्हटलं, जुनी, रोखीने, दोन वर्षांनी. ते म्हणतात, जुनी गाडी म्हणजे गॅरेजवाल्याचा हप्ता. शोरूममधून कोटेशन आणून त्यांनी फ्रिजवर मॅग्नेटने लावलंय, खाली पेनाने लिहिलंय 'हप्ता १६,९००'. मुदत लिहिलेली नाही. फायनान्सवाल्याने माझं पगारपत्रक मागितलंय. अजून मी दिलेलं नाही.